सरकारी आरोग्ययोजनेचा मसुदा कसा वाचावा: सक्ती कुठे, मुभा कुठे, जबाबदारी कुणावर

आरोग्यसेवा सरकारने द्यावी की ज्याची त्याने बघावी, हा वाद बहुतेक वेळा मसुदा न वाचताच रंगतो. एक बाजू हक्काबद्दल बोलते, दुसरी स्वातंत्र्याबद्दल, आणि कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते कुणी उघडून बघत नाही. आम्हाला व्यक्तिस्वातंत्र्य आणि स्वतःची जबाबदारी या दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटतात. म्हणूनच त्या कलमागणिक तपासल्या पाहिजेत असं आमचं म्हणणं आहे. मसुद्याची छापील प्रत, दोन रंगांची पेनं आणि एक मोकळी दुपार एवढं त्यासाठी पुरतं.

आधी चार रकाने आखा

पैसा कुणाकडून येतो? रुग्णालय आणि डॉक्टर कुणाचे? भाग घेणं कुणाला सक्तीचं आहे? उपचार मंजूर कोण करतं? चार प्रश्नांचे चार रकाने. ‘सरकारी आरोग्यसेवा’ असा एकच शब्द वापरला की हे चारही प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि वाद भरकटतो.

सरावासाठी आधी माहितीतल्या देशांचे रकाने भरून बघा. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पैसा मुख्यतः करातून आला, रुग्णालयं सरकारी झाली, पण फॅमिली डॉक्टर पहिल्यापासून स्वतंत्र कंत्राटावर राहिले आणि खासगी उपचारांवर बंदी आली नाही. कॅनडात पैसा सरकारी, डॉक्टर मात्र बहुतांश स्वतःचा व्यवसाय करणारे. जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात कामगारांचा सक्तीचा आजारविमा आला. वर्गणीचा दोन-तृतीयांश भाग कामगार भरायचे आणि एक-तृतीयांश मालक. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून मूलभूत विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे, कंपनी मात्र ज्याने त्याने निवडायची. सिंगापूरमध्ये १९८४ पासून पगारातला ठरावीक भाग ज्याच्या त्याच्या नावावरच्या आरोग्यखात्यात जमा होतो.

सिंगापूरचा रकाना नीट भरा, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. वैयक्तिक जबाबदारीचा नमुना म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि ते खरंही आहे, कारण पैसा ज्याचा त्याचाच. पण तो बाजूला टाकायची सक्ती सरकारची आहे, आणि खात्यातून कशासाठी किती काढता येईल हेही सरकारच ठरवतं. २०१५ पासून त्याच्या जोडीला सर्वांसाठी सक्तीचा विमाही आहे. म्हणजे जबाबदारी वाढली म्हणून सक्ती कमी झाली, असं आपोआप होत नाही.

सक्तीची वाक्यं लाल पेनाने अधोरेखित करा

क्रियापदं बघा. ‘बंधनकारक राहील’, ‘मनाई असेल’, ‘दंडास पात्र ठरेल’ ही सक्ती. ‘करता येईल’, ‘इच्छा असल्यास’ ही मुभा, ती दुसऱ्या रंगाने. मग प्रत्येक लाल ओळीपुढे सक्ती कोणत्या जातीची आहे ते लिहा: पैसे भरण्याची, विमा विकत घेण्याची, उपचार करून घेण्याची, की योजनेबाहेर जाऊन स्वतःच्या पैशाने उपचार घेण्यावर बंदीची.

या चारही सक्ती सारख्याच वजनाच्या धरणं ही नेहमीची चूक. आमच्या मते सगळ्यात जड शेवटच्या दोन. कर घेतला तरी माणूस आपल्या शरीराबद्दलचे निर्णय घ्यायला मोकळा राहतो. बाहेरची वाटच बंद केली आणि आतल्या रांगेत नंबर लागत नसला, तर तो कुठेच मोकळा राहत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००५ मध्ये चौली खटल्यात हाच प्रश्न आला. क्वेबेक प्रांतात सरकारी योजनेत मोडणाऱ्या उपचारांसाठी खासगी विमा घ्यायला बंदी होती. रांगा इतक्या लांब असताना ही बंदी क्वेबेकच्या सनदेतल्या हक्कांचा भंग करते, असा निकाल न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी दिला. तेव्हा मसुद्यात बाहेर पडण्याचं कलम शोधाच. ते नसेल, तर बाहेर जायला मनाई आहे की कायदा फक्त गप्प आहे, हे वेगळं नोंदवा.

उपचाराच्या सक्तीबाबत एक फरक लक्षात ठेवा. सरकारने खर्च केला म्हणून रुग्णाची संमती रद्द होत नाही. संसर्गजन्य रोगाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे धोका शेजाऱ्यालाही असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात देवीची लस नाकारणाऱ्याचा ५ डॉलरचा दंड कायम केला तो याच आधारावर. संसर्गासाठीचं कलम मधुमेहासारख्या आजाराला लावलेलं दिसलं, तर तिथे हरकत घ्यायलाच हवी.

शिक्षाही वाचा. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यातली विमा घेण्याची सक्ती २०१२ मध्ये न्यायालयात टिकली ती कर म्हणून. २०१६ मध्ये विमा नसल्यास प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाचे २.५ टक्के, यांपैकी जास्त असेल ती रक्कम भरावी लागे. २०१९ पासून केंद्रीय कायद्यातली ही रक्कम शून्य झाली. कलम मात्र पुस्तकात तसंच राहिलं. सक्ती किती खरी, हे दंडाच्या आकड्यावरून कळतं.

सक्ती काढून टाकल्यास काय होतं, ते मांडून बघा

विरोध करणाऱ्यांनी हे गणित टाळू नये. समजा, १०० जणांचा एक विमा आहे. त्यात ८० धडधाकट, प्रत्येकाचा वर्षाचा सरासरी खर्च १,०००, आणि २० आजारी, प्रत्येकाचा १६,०००. एकूण ४,००,०००, म्हणजे सगळ्यांना सारखाच हप्ता लावला तर ४,०००. धडधाकटांपैकी निम्म्यांना हे महाग वाटलं आणि ते बाहेर पडले. उरलेल्या ६० जणांचा खर्च ३,६०,०००, हप्ता ६,०००. आता उरलेले ४० धडधाकटही निघाले की हप्ता १६,०००. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १९९३ पासून नेमकं हेच करून पाहिलं: कुणालाही नाकारायचं नाही, हप्ता सगळ्यांना सारखा, विमा घेण्याची सक्ती नाही. व्यक्तिगत विम्याचे हप्ते भडकले आणि घेणारे घटत गेले.

यातून बाहेर पडायला दंड हा एकच मार्ग नाही, आणि स्वातंत्र्याची काळजी असणाऱ्यांनी इथेच जोर लावावा. विम्यात शिरण्याची मुदत वर्षातून एकदाच ठेवता येते. उशिरा आलेल्याला काही काळ जादा हप्ता लावता येतो. किंवा आधीपासूनच्या आजारासाठी काही महिन्यांचा थांबा ठेवता येतो. ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा यांत राहते आणि त्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्यावरच पडते. मात्र थांबा किती महिन्यांचा आणि जादा हप्ता किती वर्षांचा, हे मसुद्यात आकड्यात हवं.

एक प्रश्न तरीही उरतो. विमा न घेतलेला माणूस अपघातात सापडून बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आला, तर काय? अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने, सरकारी मेडिकेअर योजनेचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, खिशात पैसे असोत वा नसोत. असं कलम असेल तर ‘माझा धोका मी पत्करतो’ हे वाक्य अर्धंच खरं ठरतं. बिल शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी हिशेबात जातं. सक्तीला विरोध करायचा असेल तर या रुग्णाचं बिल कोण भरेल, हे आपल्या सूचनेत लिहा: कर्ज म्हणून वसुली, मोठ्या खर्चापुरता किमान विमा, की ठरावीक ठेव. उत्तर न देता केलेली हरकत कमकुवत राहते.

जबाबदारीची कलमं तपासताना

‘रुग्णाने स्वतःचा वाटा उचलावा’ असं जिथे लिहिलंय तिथे तीन गोष्टी विचारा. हे त्याच्या हातात होतं का? त्याला आधी माहीत होतं का? विचार करायला वेळ होता का? चष्म्याची फ्रेम निवडताना तिन्हींचं उत्तर हो. हृदयविकाराच्या झटक्यात शेवटच्या प्रश्नाचं तरी नाहीच. तिथे जादा पैसे लावून माणूस जबाबदार होत नाही, फक्त उशिरा येतो.

स्वतःचा वाटा भरायला लावल्याने नेमकं काय होतं, याचा सर्वांत नावाजलेला प्रयोग अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केला. ज्यांना वार्षिक मर्यादेपर्यंत बिलाचे ९५ टक्के स्वतः भरायचे होते, त्यांचा खर्च मोफत गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीवर फारसा परिणाम दिसला नाही. स्वातंत्र्यवादी बाजू एवढंच सांगते. पण लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे असे दोन्ही उपचार कमी केले, आणि गरीब व उच्च रक्तदाब असलेल्यांत मोफत गटाचा रक्तदाब जास्त आटोक्यात राहिला. दोन्ही निष्कर्ष सोबत घेऊनच वाटा कुठे लावायचा ते ठरवा.

चांगल्या कलमांचे नमुने आहेत. नेदरलँड्समध्ये प्रौढाला वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, पण फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यातून वगळलंय, म्हणजे पहिली पायरी कुणाला अडत नाही. जर्मनीत सरकारी विम्यातल्या अशा रकमांना वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे, दीर्घ आजार असलेल्यांना १ टक्क्याची.

स्वित्झर्लंडची पद्धत मुद्दाम आकड्यांत बघा. प्रौढाने वर्षाची पहिली रक्कम ३०० ते २,५०० फ्रँक यांत स्वतः निवडायची. रक्कम जितकी मोठी, तितका हप्ता कमी. त्यावरच्या बिलाचे १० टक्के भरायचे, वर्षाला जास्तीत जास्त ७००. बिल ५,००० झालं तर ३०० वाल्याचे ३०० अधिक ४७०, म्हणजे ७७० जातात. २,५०० वाल्याचे २,५०० अधिक २५०, म्हणजे २,७५०. ही खरी निवड आहे, पण बाजूला तेवढी शिल्लक असणाऱ्यालाच ती परवडते. शिल्लक नसताना हप्ता कमी दिसतो म्हणून मोठा आकडा निवडला, की पहिल्याच आजारपणात उधारी करावी लागते. आपल्या मसुद्यातही दोन बिलं घेऊन, एक लहान आणि एक मोठं, असाच हिशेब करा.

व्यसनं आणि खाणंपिणं यांबद्दलच्या कलमांत दंड कुणावर पडतो ते बघा. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यात तंबाखू घेणाऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता लावता येतो. मग तपासणार कोण, आणि लोक खोटं सांगू लागले तर काय? ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांवर कर लावला तो उत्पादकावर: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम साखर असेल तर लिटरला १८ पेन्स आणि ८ ग्रॅमपासून २४ पेन्स, हे सुरुवातीचे दर. कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर कमी केली आणि कुणाच्या घरात डोकवावं लागलं नाही. दोन्हींत निवड करायची तर आम्ही दुसरी पद्धत निवडू.

रांगेचा हिशेब मागा

मोफत सेवेत किंमत वेळेच्या रूपात भरावी लागते. म्हणून ‘सरासरी प्रतीक्षा’ एवढ्यावर समाधान मानू नका. घड्याळ कधी सुरू होतं ते विचारा: फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिल्यापासून, की तज्ज्ञाने शस्त्रक्रिया ठरवल्यापासून? दुसऱ्या पद्धतीत मधले महिने हिशेबातून गायब होतात. खासगी विम्यालाही हाच नियम लावा. तिथे पूर्वपरवानगी नाकारली गेल्यावर दाद किती दिवसांत मिळते, हा आकडा तितकाच महत्त्वाचा.

हरकत लिहिताना

भाषण नको. कलमाचा क्रमांक, आहे तो मजकूर, सुचवलेला मजकूर आणि एका वाक्यात कारण. उदाहरणार्थ: ‘लाभार्थ्यास योजनेबाहेर उपचार घेता येणार नाहीत’ याऐवजी ‘लाभार्थ्यास स्वखर्चाने योजनेबाहेर उपचार घेता येतील व त्यामुळे योजनेतील त्याचा क्रम बदलणार नाही’. कारण: रांग लांबल्यास रुग्णाला दुसरा मार्ग उरत नाही. एका पत्रात तीन-चार कलमंच घ्या. वीस घेतली तर वाचणारा पहिल्या दोनवरच थांबतो.

सगळ्यात शेवटी ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द मसुद्यात किती ठिकाणी येतात ते मोजा. हप्त्याची रक्कम, दंड, वगळलेले उपचार हे सगळं अशा ओळींमागे नंतरच्या नियमांवर सोडलेलं असतं, आणि ते नियम येतात तेव्हा लोकांचं लक्ष ओसरलेलं असतं. ज्या आकड्याने माणसाच्या खिशावर किंवा शरीरावर परिणाम होतो, तो मूळ कायद्यातच यावा किंवा त्याची कमाल मर्यादा तरी यावी, अशी सूचना या प्रत्येक ओळीपुढे लिहा. नियम प्रसिद्ध होतील त्या दिवशी हीच प्रत पुन्हा काढून रिकाम्या जागा भरा.