खानदेशच्या उन्हाळ्यात केसांची निगा

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा त्वचेइतकीच केसांचीही काळजी घ्यावी लागते. कारण उन्हातील अतिनील किरणांमुळे केसांतील केराटिन हे प्रथिन कमकुवत होते, आणि केस मृत पेशींचे बनलेले असल्याने एकदा झालेली हानी आपोआप भरून निघत नाही.

म्हणून भर उन्हात बाहेर पडताना डोके सुती रुमालाने किंवा ओढणीने पूर्ण झाकावे. मात्र ओल्या केसांवर रुमाल घट्ट बांधू नये. ओलावा कोंडून टाळूला खाज सुटते.

आपल्याकडे अनेक गावांत खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची आहे. बादलीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो, तेच क्षार केसांवर बसून त्यांना राठ करतात. शक्य असेल तर डोके धुण्यासाठी नळाचे पाणी राखून ठेवावे, निदान शेवटचे दोन तांबे तरी त्या पाण्याचे घ्यावेत. सौम्य शाम्पू टाळूवरच चोळावा, टोकांना ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र टोकांनाच लावावा. खोबरेल तेल धुण्याआधी तासभर लावणे मला अधिक योग्य वाटते, कारण तेलकट डोक्याने बाहेर पडल्यास धूळ चिकटते.

धुतलेले केस घासू नयेत. जुन्या धोतराच्या मऊ कापडाने ते टिपावेत आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवत यावे.

केस पुंजक्याने गळू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.