बोटीच्या मोटारीला फिल्टर घेताना

उकई धरणाच्या फुगवट्यात, नंदुरबारकडे, आउटबोर्ड मोटार (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) भर पाण्यात बंद पडली की आधी पेट्रोलमधलं पाणी बघा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली तर तळाशी पाणी साचू शकतं. मोटारसायकलचा छोटा कागदी फिल्टर कचरा अडवतो, पाणी नाही. म्हणून पाणी वेगळं करणारा, 10 मायक्रॉनचा (म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण अडवणारा) फिल्टरच घ्या. खाली पारदर्शक वाटी असलेला मला सगळ्यात भरवशाचा वाटतो: पाणी तळाशी वेगळं दिसतं, बूच सैल करून काढून टाकता येतं. त्याची प्रवाहक्षमता मोटारीच्या कमाल गरजेपेक्षा जास्त हवी, तोंडं नळीच्या मापाची. टाकी आणि मोटारीच्या मधे बसवा, फिल्टरवरचा बाण मोटारीकडे. अन् एक जादा फिल्टर बोटीत ठेवाच.