गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी कशी शिवावी

माणूस गेल्यानंतर त्याच्या कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न तेरावे उरकले की बहुतेक घरांत येतोच. काही घरांत ते गरजूंना देऊन टाकतात, काही ठिकाणी नदीत सोडण्याची रीत आहे, आणि पुष्कळ घरांत कोणी काहीच ठरवत नाही म्हणून ते डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात. त्या कपड्यांची स्वतःच्या हाताने गोधडी शिवणे हा आणखी एक मार्ग आहे. आजीच्या नऊवारीची दुपटी आणि गोधड्या नातवंडांसाठी शिवण्याची चाल आपल्याकडे जुनीच असल्यामुळे त्यासाठी वेगळे तंत्र शिकावे लागत नाही. मात्र दुःखात असताना हे काम करायचे, तर त्याचा क्रम थोडा बदलावा लागतो. कारण येथे सर्वांत अवघड असते ते कात्री लावणे, शिवणे नव्हे. पुढे सांगितलेली पद्धत याच एका गोष्टीचा विचार करून आखली आहे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्तीत मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये अशीच एक गोधडी शिवली. पती वारल्यावर त्यांनी त्याचे शेतावर घालायचे कपडे घेतले आणि त्यांचे मोठे तुकडे जोडून पांघरूण केले. त्याची आठवण राहावी आणि त्याखाली निजता यावे, एवढाच हेतू त्यांनी मुलीला सांगितला होता. आज जीज बेंडच्या गोधड्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागतात, पण ही गोधडी शिवली गेली ती अंगावर घेण्यासाठी. आपणही सुरुवातीलाच हे ठरवून घ्यावे, कारण वापरायची गोधडी आणि भिंतीवर लावायची गोधडी यांचे कापड, थर आणि टाके वेगवेगळे असतात. माझा कौल निःसंशय वापरायच्या गोधडीला आहे.

कपाट उघडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. गेलेल्या माणसाचे वस्त्र वापरू नये अशी समजूत अनेक घरांत आहे, आणि ज्या घरात सासूबाई किंवा थोरले काका यांना ते मनापासून खटकते, तेथे वाद घालून शिवलेली गोधडी कोणीच पांघरत नाही. अशा वेळी वर्षश्राद्धापर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही. सुती कापडाला कोरड्या जागी तेवढ्या काळात काही होत नाही. भावंडांनाही विचारावे, आणि तेही कपडे कापण्याच्या आधी. बाबांचा तोच एक सदरा मला हवा होता, ही तक्रार सदरा कापून झाल्यावर कानी आली, तर तिच्यावर उपाय उरत नाही.

कपड्यांची वाटणी करताना तीन ढीग करावेत. पहिला जसाच्या तसा ठेवायच्या कपड्यांचा, दुसरा गोधडीसाठीचा आणि तिसरा देऊन टाकायचा. पहिल्या ढिगात किमान एक कपडा न धुतलेला ठेवावा आणि तो हवाबंद पिशवीत बांधावा. कापणे परत फिरवता येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. धुणेही परत फिरवता येत नाही हे मात्र पाणी ओतल्यावर लक्षात येते, कारण माणसाचा वास पहिल्याच धुण्यात निघून जातो. दुसऱ्या ढिगातील प्रत्येक कपड्याचे अंथरून छायाचित्र काढून ठेवावे. तिसऱ्या ढिगाबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. माणसाचे सगळेच कपडे त्याची ओळख सांगत नाहीत, आणि लग्नात आहेर म्हणून मिळालेली, घडीही न मोडलेली सफारी ही त्या आहेर देणाऱ्याचीच ओळख असते.

गोधडीसाठी वापरून मऊ झालेले सुती कापड सर्वांत चांगले: लुगडी, सुती साड्या, धोतरे, सदरे, पायजमे, परकर. टेरिकॉट आणि नायलॉन सुईखाली सरकतात व थंडीत ऊबही देत नाहीत, तरीही एखादा टेरिकॉटचा शर्ट महत्त्वाचाच असेल तर त्याचा लहान तुकडा सुती कापडावर ठिगळासारखा लावावा. जुन्या रेशमी साडीला घडीवर चिरा पडलेल्या असतात. तिचा भाग घ्यायचा असल्यास खाली मलमलीचा तुकडा धरून दोन्ही एकत्र शिवावेत, आणि जरीचा भाग खरखरीत असेल तर तो अंगाला लागणार नाही अशा कडेला ठेवावा. विणलेला स्वेटर ताणला जातो आणि कापला की उसवतो, म्हणून तो पहिल्याच ढिगात बरा. बाकीचे सर्व कपडे साध्या पाण्यात भिजवून खळ काढावी, रंग जाणारे कपडे वेगळे धुवावेत आणि सावलीत वाळवावेत.

आता कात्रीचा प्रश्न. कात्री शक्य तितकी उशिरा हाती घ्यावी आणि आधी उसवावे. सदऱ्याची शिवण ब्लेडच्या टोकाने किंवा शिंप्याकडच्या उसवायच्या हत्याराने एकेक टाका तोडत मोकळी केली, की पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, खांद्याची पट्टी, कॉलर आणि खिसा असे सपाट तुकडे हाती येतात. कापण्यापेक्षा याला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि येथे तो वेळच हवा असतो. उसवताना कपडा जवळून पाहिला जातो. कॉलर उलटली की मानेला घासून विरलेली रेघ दिसते. खिसा काढला की त्याखालचा चौकोन मूळ रंगाचा, म्हणजे उरलेल्या सदऱ्यापेक्षा गडद निघतो. खिशाच्या तळाशी पेनाच्या शाईचा निळा ठिपका आणि शिवणीत अडकलेला तंबाखूचा चुरा सापडतो. लुगड्याचे तसेच आहे. ओच्याजवळचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, खालचा काठ जोडव्यांनी ओढून दोरे निघालेला असतो, पदराचे टोक मात्र कोरे राहिलेले असते. ज्या सदऱ्याला आपण एकसंध आठवण समजून कवटाळले होते, तो उसवल्यावर वापराच्या खुणा असलेल्या दहाबारा तुकड्यांत बदलतो, आणि त्यातला कोणता ठेवायचा हे ठरवणे सदरा ठेवायचा की टाकायचा हे ठरवण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते. रडू आले तर काम बाजूला ठेवावे. उसवलेले वाया जात नाही. साडीला तर कात्री लागतच नाही, कारण काठाला छोटा छेद देऊन ओढले की सुती साडी उभ्याआडव्या धाग्याने सरळ फाटते.

गोधडीचे माप पांघरणाऱ्याप्रमाणे ठरवावे. एका मोठ्या माणसाला पाच फूट रुंद आणि सात फूट लांब पुरते. तान्ह्या बाळासाठी तीन फुटांचे चौकोनी दुपटे पुष्कळ झाले. एकाच माणसाच्या कपड्यांतून मोठी गोधडी पुरी होत नसेल, तर अस्तराला घरातल्या दुसऱ्या कोणाची साडी घ्यावी. तुकडे जमिनीवर मांडून पाहावेत आणि मांडणी निदान काही दिवस तशीच राहू द्यावी; जागा नसेल तर जुन्या चादरीवर टाचून चादर गुंडाळून ठेवावी. शोभेचा फार विचार करू नये. विरलेले भाग मध्यावर घेऊ नयेत, एवढा एकच व्यावहारिक नियम पाळावा, कारण गोधडी मध्यावर आणि हनुवटीच्या कडेला सर्वांत लवकर झिजते. विरलेला तुकडा हवाच असेल, तर त्याखाली चांगल्या कापडाचा आधार द्यावा.

शिवायला बसताना अस्तराची साडी जमिनीवर अंथरून ताणावी आणि कडेला वजने ठेवावीत. त्यावर आतले थर येतात; जुन्या साडीच्या दोन किंवा तीन थरांहून जास्त घेऊ नयेत, नाहीतर सुई आरपार जात नाही आणि बोटे दुखून काम सुटते. सर्वांत वर तुकडे, कडा अर्धा इंच आत दुमडून. सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत, म्हणजे सरकणार नाहीत. मग लांब जाड सुई आणि जाड सुती दोरा घेऊन कडेपासून धावदोरा सुरू करावा आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यावे. दोन ओळींत बोटभर अंतर पुरते. दोरा हाताएवढाच लांब घ्यावा. फार लांब घेतला की गुंता होतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे, आणि रोज थोडेच शिवावे.

कडेकडून आत येण्याची हीच पद्धत आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी नावाच्या गोधडीतही आहे. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या आणि त्यांपैकी कित्येक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून जंगलात आलेल्या लोकांचा हा वंश. या बायका तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तरावर कोपऱ्यापासून एकेक तुकडा लावत, तो शिवतच पुढे सरकतात, आणि शेवटी मध्यावर उरलेली जागा बंद करण्यापूर्वी तिच्यात तांदळाचे दाणे ठेवतात, म्हणजे कवंदीचे पोट भरते. ज्यांना आधी सगळी मांडणी ठरवणे जड जाते त्यांनी ही रीत जरूर घ्यावी, कारण तिच्यात एका वेळी एकाच तुकड्याचा निर्णय घ्यावा लागतो.

शिवणयंत्रावर हेच काम दोन दिवसांत होते, आणि कपडे पाठवले की अशी गोधडी शिवून देणारेही आता भेटतात. ज्यांचे डोळे किंवा बोटे साथ देत नाहीत त्यांनी तसे खुशाल करावे. पण मग हाती वस्तू येते, तिच्यामागचे दिवस येत नाहीत. धावदोऱ्याला डोके लागत नाही, मात्र हात आणि नजर गुंतून राहतात. त्यामुळे शोक करणाऱ्याला नुसते बसून राहावे लागत नाही, आणि शेजारी बसलेल्यालाही त्याच्या तोंडाकडे बघत सांत्वनाचे शब्द शोधावे लागत नाहीत.

म्हणून शक्य असल्यास एकटीने शिवू नये. पूर्वीपासून गोधडीला चार कडांना चार जणी बसतातच. मुलगे आणि जावई यांनाही सुई द्यावी. टाके वाकडे येतील, ते उसवून सरळ करू नयेत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झालेल्या एड्स स्मृती गोधडीत तर शिवण कधीच न शिकलेल्या पुष्कळांनी आपल्या माणसासाठी तुकडा केला. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये ती गोधडी वॉशिंग्टनमध्ये प्रथम मांडली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. ज्या आजाराचे नाव घरात उच्चारले जात नव्हते, त्या आजाराने गेलेल्यांची नावे तेथे उघड्यावर आली.

जे बोलता येत नाही ते कापडावर आणण्याची आणखी दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचे नवरे आणि मुलगे बेपत्ता झाले, त्या बायकांनी सँटियागोत चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून तागाच्या पोत्यावर चिंध्यांची चित्रे शिवली. त्यांच्याकडे ना प्रेत होते ना तेरावे. जर्मनीत आग्नेस रिख्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मनोरुग्णालयात असताना, १८९५ च्या सुमारास, तेथल्याच कापडाचे जाकीट शिवले आणि त्यावर आतूनबाहेरून अक्षरे भरली. हायडेलबर्गच्या संग्रहात ते आहे, पण त्यातले बरेचसे आज वाचता येत नाही. यातून आपण घ्यायची युक्ती साधी आहे. गेलेल्या माणसाशी भांडण मिटायचे राहिले असेल, त्याच्यावर राग असेल, तर ते कापडाच्या आतल्या थरावर धाग्याने लिहावे आणि वर तुकडा शिवून टाकावा. ते कोणाला दाखवायचे नसते, पण ते तेथे असते. वरच्या बाजूला नाव आणि वर्ष घालायचे तर कोपऱ्यात, साखळी टाक्याने.

या कामाला औषध मात्र समजू नये. कित्येक आठवडे झोप किंवा जेवण नीट होत नसेल, किंवा जगूच नये असे वाटत असेल, तर गोधडी बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तसेच सुई हातात घेतली की मन अधिकच सैरभैर होते असा अनुभव काहींना येतो. त्यांनी उसवलेले तुकडे घडी करून ठेवावेत आणि नंतर बघावे.

गोधडी पुरी झाली की कच्चे टाके काढावेत आणि तिला एकदा ऊन दाखवावे. पुढे वर्षातून एकदोनदा, साध्या साबणाने, शक्यतो हाताने धुवावी. पिळू नये, कारण ओली गोधडी फार जड होते आणि जुने कापड पिळण्याने फाटते. दोन दांड्यांवर पसरून सावलीत वाळवावी. उरलेल्या चिंध्यांतली एक पिशवीभर ठेवावी, बाकीच्या टाकाव्यात. चारपाच वर्षांत एखादा तुकडा विरेल. त्यावर पिशवीतले ठिगळ लावावे, आणि पिशवी संपली की घरातल्या कोणाच्याही जुन्या कपड्याचे.