पर्यावरणात करिअर करायचंय? आधी पदवीचा विषय, मग पाच विहिरी

बारावीनंतर विषय निवडताना झालेली चूक पुढे महागात पडते. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक विषय लागतो. कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवीही चालते. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. त्यामुळे बीएस्सीला रसायन किंवा वनस्पतीशास्त्र ठेवा आणि पर्यावरणशास्त्र एमएस्सीला घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात त्याचा विभाग आहे. वनसेवेला चालण्याचीही परीक्षा असते: चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १४.

रसायनवाल्यांना वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत सांडपाणी प्रक्रियेचं काम मिळू शकतं. पक्ष्यांची ओढ असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जायकवाडीला नोंदी करा.

पण मराठवाड्यात खरी गरज भूजल कळणाऱ्या माणसांची आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे विसरू नका. हे काम आपल्याला जमेल का, ते फी भरण्याआधी गावातच तपासता येतं.

वेगवेगळ्या शिवारांतल्या पाच विहिरी निवडा. मोजपट्टीला वजन बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजा. कठड्यावरून मोजलं असेल तर कठड्याची उंची वजा करा, नाहीतर एका विहिरीची दुसरीशी तुलनाच होणार नाही. सगळ्यात जास्त फसवते ती मोटार. शेतीला रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात सकाळी पातळी उतरलेली दिसते आणि आपण दुष्काळ समजून बसतो. म्हणून मालकाला विचारा, उपसा थांबून विहीर पुन्हा भरली की मगच मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते; तुम्हीही तेच महिने धरा. शेजारच्या दोन विहिरींत मोठा फरक आला तर आकडा खोडू नका. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरतं, एकीला भेग लागते, दुसरीला नाही.

आकडे क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर टाका. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात इंटर्नशिप मागायला जाताना प्रमाणपत्रांबरोबर हा नकाशा न्या. त्यावरूनच बोलणं सुरू होईल.

विहिरीवर एकट्याने वाकून मोजू नका, सोबत कुणीतरी हवंच.