ऑनलाइन गेमसाठी देव घडवताना आधी नवस ठरवा, पुराण नंतर

गेमचा देव लिहायला बसलेला माणूस हमखास वंशावळीपासून सुरुवात करतो. आधी अंधार होता, मग अंडं फुटलं, त्यातून सात भावंडं निघाली... चाळीस पानं होतात आणि खेळाडू त्यातलं एक वाचत नाही. त्याला देव भेटतो देवळाच्या पायरीशी. इथे काय वाहायचं, काय मागायचं आणि दिलेला शब्द मोडला तर काय होतं, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक देवासाठी चारच ओळी लिहा: लोकांना त्याची गरज कशापायी पडते, त्याला काय चालतं, काय चालत नाही, आणि त्याची सेवा कोण करतं.

समजा प्रदेश खाडीकाठचा आहे. लोक मिठागरांवर आणि बांधाआतल्या भातशेतीवर जगतात. भीती एकच, उधाणाला बांध फुटण्याची. मग इथली देवी ‘प्रकाशाची’ कशाला असेल? ती बांधावरच बसलेली असणार. तिला चालते हंगामातल्या पहिल्या मिठाची मूठ. चालत नाही भरतीच्या वेळी लोखंड घेऊन बांधावर चढणं. सेवेला पुजारी नाही, मीठ पिकवणाऱ्या घरातली थोरली बाई. एवढ्यावरून चित्रकाराला मूर्ती सुचते, नकाशा करणाऱ्याला जागा मिळते आणि प्रोग्रामरला नियम. नाव शेवटी ठेवा, आणि चॅटमध्ये घाईत टाइप होईल असं ठेवा. ‘बांधाबाय’ चालेल, सहा जोडाक्षरांच्या भारदस्त नावाचं खेळाडू दुसऱ्या दिवशी टोपणनाव करतात.

सुरुवातीला मोठे देव पाच ते सात पुरेत. त्याहून जास्त कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गावोगावचे लहान देव मात्र भरपूर असू द्या. एकाच घुमटीचं मॉडेल, चारपाच प्रकारचे दगड आणि वेगवेगळा नैवेद्य एवढ्यात भागतं.

देवांची नाती वंशवृक्षापेक्षा माणसांच्या नात्यांवरून ठरवा. खंडोबाकडे बघा. म्हाळसा लिंगायत वाण्यांच्या घरची, बाणाई धनगरांची. दोन्ही समाज देवाला जावई म्हणून आपला मानतात. दोन टोळ्यांना एका यात्रेत आणायचं असेल तर ही सोयरीक युद्धकथेपेक्षा जास्त काम करते. स्थलांतराचंही तसंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात गोव्यातला मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तुमच्या नकाशावर एका भागात रिकामा चौथरा आणि नदीपलीकडे नांदतं देऊळ ठेवलंत, तर इतिहास सांगायला पात्राच्या तोंडी लांबलचक संवाद लागत नाही.

आता नवस. यंत्रणेतला सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. खेळाडू बोलतो: हा राक्षस पडला तर अमुक गोण्या मीठ वाहीन. माल आधी कापून घेऊ नका, नाहीतर ती सरळ खरेदी होते. फक्त नोंद करा. एका वेळी एकच नवस, आणि फेडायला सात दिवस. नवसाचा आकार खेळाडूच्या तासा-दोन तासांच्या कमाईएवढा असावा. ‘200 गोण्या’ असा आकडा कोडमध्ये कायमचा ठोकलात तर सहा महिन्यांत महागाई वाढते आणि देवाला चिल्लर मिळते. आकडा गेल्या सात दिवसांच्या बाजारभावाच्या मध्यकाशी, म्हणजे भाव क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या भावाशी, जोडा. वाहिलेला माल सर्व्हरवरून नष्ट झाला पाहिजे. तो दुकानदार पात्राकडे गेला की देऊळ म्हणजे आडत होते. नवस न फेडणाऱ्याचा जीव कमी करू नका. पुढच्या प्रत्येक देवळात सेवेकऱ्याने चारचौघांत एवढंच म्हणावं, ‘आधीचं राहिलंय तुमचं.’ खेळाडू दंड विसरतो, हे विसरत नाही.

वर देताना हात आखडता ठेवा. लढाईतली ताकद 3 ते 5 टक्क्यांहून जास्त वाढली की महिन्याभरात सगळे एकाच देवाचे भक्त होतात, कारण कुणीतरी तक्ता मांडून ‘सर्वोत्तम देव’ जाहीर केलेला असतो. त्यापेक्षा एकमेकांशी तुलनाच होणार नाही असे वर द्या. बांधाबायच्या भक्ताचा पाय खाऱ्या चिखलात रुतत नाही. डोंगरदेवाच्या भक्ताला दरड कोसळण्याआधी आवाज ऐकू येतो. हे दोन वर कुठल्या तक्त्यात बसवणार?

पूजा नुसत्या क्लिकवर ठेवली तर रात्रभर मॅक्रो, म्हणजे आपोआप क्लिक करणारे प्रोग्राम, पूजा करत बसतात. उपाय कोकणातल्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून घातलेल्या साकड्यात आहे. एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गेममध्ये किमान चार जणांनी तीस सेकंदांच्या आत साथ दिली तरच गाऱ्हाणं लागू होईल असं करा. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. गर्दी नसलेल्या सर्व्हरवर मात्र हे अडतं, म्हणून पहाटेच्या वेळी चाराची अट दोनवर आणा.

कौलही असाच घेता येतो. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. निकाल सर्व्हरवरच ठरवा. खेळाडूच्या मशीनवर ठरला तर सगळ्यांचेच कौल उजवे लागतील. उजव्याला 60 टक्के शक्यता ठेवा, पण आकडा पडद्यावर दाखवू नका. पुन्हा कौल लावायला 20 तासांचा अवधी हवा. 24 का नाही? माणूस रोज ठरल्या वेळेला थोडा उशिराच येतो. 24 तासांचं घड्याळ रोज पुढे सरकत आठवड्याभरात त्याला झोपेच्या वेळी नेऊन ठेवतं.

पंचांग करताना आधी गणित करा. गेममधला एक दिवस दोन तासांचा असेल तर आपल्या एका दिवसात त्यांचे 12 दिवस होतात. 360 दिवसांचं वर्ष धरलं तर वार्षिक जत्रा दर 30 दिवसांनी येते आणि दर वेळी वार बदलतो. 336 दिवसांचं वर्ष घ्या, 28 दिवसांचे 12 महिने. आता वर्ष आपल्या बरोबर 28 दिवसांचं झालं आणि जत्रा कायम शुक्रवारी लागते. एक दिवसाची जत्रा ठेवाल तर ती दोन तासांत उरकते आणि न्यू जर्सीतल्या खेळाडूला फक्त विझलेले दिवे दिसतात. श्रावणासारखा अख्खा महिना पवित्र धरा. तो 56 तास चालतो, शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी पहाटे चार.

शापाची चाचणी वराच्या दुप्पट करा. सप्टेंबर 2005 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये हक्कार या रक्तदेवाचा संसर्गजन्य शाप त्याच्या देवळापुरता राहायला हवा होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना चिकटून तो शहरांत पोचला, दुकानदार पात्रं स्वतः न मरता तो पसरवत राहिली, आणि शेवटी कंपनीला सर्व्हर रिसेट करावे लागले. शाप लागलेला प्राणी, लॉग आउट केलेला खेळाडू आणि प्रदेशाची हद्द, या तीन जागा शाप देण्याआधी तपासा.

दर आठवड्याला मारला जाणारा देव देव वाटत नाही, ही ऑनलाइन जगाची खास अडचण. इथेही खंडोबाची जेजुरी मदतीला येते. खंडोबाने हरवलेल्या मणी दैत्याने शरण येऊन वर मागितला आणि त्याला देवाजवळ पूजेचं स्थान मिळालं. तुमचा राक्षस ठरावीक वेळा पडला की पुढच्या हंगामात त्याची मूर्ती पायरीशी बसवा. त्यालाही नैवेद्य लागेल, त्याचेही भक्त तयार होतील.

देव निवडायला पात्र बनवतानाच लावू नका. 1999 च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन गेममध्ये निवड तिथेच होती, आणि नवख्याला तेव्हा काहीच ठाऊक नसतं. पाचसहा तास खेळून झाल्यावर विचारा, ‘कुणालाच मानत नाही’ हा पर्यायही द्या.

पुजले जाणारे खरे देव घेऊ नका. पद्धती घ्या, नावं आणि मूर्ती नको. स्माइट या गेममधल्या कालीच्या चित्रणावर 2012 मध्ये हिंदू संघटनेने आक्षेप घेतला होता. भारतात खेळ चालवायचा तर धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 299 वकिलाकडून समजून घ्या.

शेवटी, खेळाडू स्वतःचे देव काढणारच. कुठल्याशा वळणावरच्या दगडापाशी कुणीतरी मासा ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिथे दहा मासे असतात. त्यासाठी आधीच सोय ठेवा: आठवड्यात 50 वेगवेगळ्या खेळाडूंनी एकाच जागी काही ठेवलं, तर दगडाला आपोआप शेंदूर लागावा आणि शेजारी पणती पेटावी. खाती मोजताना एकाच माणसाची पाच खाती एकच धरा. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही तर पणती विझू द्या, शेंदूर मात्र पुसू नका.