व्हिएन्नात आलेल्या झाडीपट्टीच्या पोट्ट्यांनो, ऑपेराला असं जा

वडसा, लाखांदूर, ब्रह्मपुरी, अर्जुनीकडची पोरं-पोरी आता इथं शिकायला, नोकरीला येऊ लागली. घर मिळालं की तीन दिवसांत पत्त्याची नोंदणी करा. रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरा. बाकी कागदपत्रांचं सांगायला इथं पायलीचे पन्नास जण भेटतील. ऑपेराचं, म्हणजे गाऊन होणाऱ्या नाटकाचं, मात्र कोणी धड सांगत नाही. आपलीच मराठी मंडळी म्हणतात, ते श्रीमंतांचं काम, आपल्याला काय समजते त्यातलं! यातले बरेच जण स्टेट ऑपेरा या इथल्या नाट्यगृहासमोर फोटो काढून घरी गेलेले असतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. रस्त्यावर तिकीट घेऊ नका. ऑपेराच्या आसपास पांढरा केसांचा टोप आणि जरीचा लाल कोट घातलेले लोक फिरतात. भर उन्हाळ्यात टोपाखालून घाम गळत असतो, हातात सोनेरी दालनाच्या फोटोंची फाईल. तुमचा चेहरा बघून ‘नमस्ते, इंडिया?’ करत जवळ येतात. लाखांदूरकडच्या एका पोराचे आई-बाबा गावाहून आले होते. त्यानं हौसेनं अशाकडून तीन तिकिटं घेतली, दोनशे युरोंच्या वर गेले. निघालं काय, तर भलत्याच एका हॉलमध्ये सात-आठ वादक आणि दोन गाणारे, ओळखीच्या चालींचे तुकडे. फसवलं म्हणायलाही जागा नाही, कारण तिकिटावर बारीक अक्षरात मैफलच लिहिलेली असते. त्याच रात्री तिथून पाच मिनिटांवर खरा खेळ सुरू होता, आणि बाबा आजही गावात सांगतात की आम्ही ऑपेरा पाहिला. पोरगं बिचारं काही बोलत नाही.

खरं तिकीट फक्त ऑपेराच्या खिडकीवर किंवा त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर. खुर्चीचं तिकीट दोनशे युरोंच्याही वर जातं, पण उभ्यानं बघायची जागा वीस युरोंच्या आत, खेळाच्या दिवशीच मिळते. तळमजल्यावरची उभी जागा मंचाच्या बरोबर समोर आहे. गॅलरीतून आवाज छान येतो, पण कडेला उभं राहिलात तर अर्धा मंच दिसत नाही. कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची इथली जुनी रीत आहे. दुसऱ्याचा रुमाल सोडू नका. इथली माणसं भांडत नाहीत, नुसती बघतात, आणि ते बघणं भांडणापेक्षा वाईट.

जीन्स चालते, हाफ पँट आणि चप्पल नको. जाड कोट बाहेर जमा करावा लागतो. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर पडद्यावर बघत बसा, कोणाची ओळख कामी येत नाही.

आता खरं सांगायचं ते. आपल्याकडे दिवाळीनंतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी मंडपात रात्रभर नाटक बघत मोठं झालेल्यांना गाऊन रडणं, गाऊन भांडणं, मरता मरता गाणं यात वावगं काहीच वाटत नाही. पुण्या-मुंबईचे मित्र तिथंच हसतात. तुम्हाला अडचण वेगळीच येईल: इथं माइक नाही. वडशाच्या कर्ण्यांची सवय झालेल्या कानांना पहिली दहा मिनिटं सगळं बारीक वाटतं. थांबा. कान बसले की कळतं, एकटी बाई साठ-सत्तर वाद्यांवरून नुसत्या गळ्यानं शेवटच्या माणसापर्यंत पोचते. आणि खाली वाजवणारे ते कोण? नववर्षाच्या मैफलीसाठी जगभर नावाजलेलं व्हिएन्ना फिलहार्मोनिक याच वादकांमधून निवडलं जातं. त्या मैफलीची तिकिटं सोडतीनं निघतात. इथं तुम्ही त्यांना चहा-नाश्त्याच्या पैशांत ऐकता.

सुरुवात ‘टोस्का’नं करा. 1900 साली रोममध्ये पहिला खेळ झाला, आणि व्हिएन्नात 1958 पासून तेच नेपथ्य चालू आहे. गायिका, तिचा चित्रकार प्रियकर आणि तिच्यावर डोळा असलेला पोलीसप्रमुख. हा पोलीसवाला प्रियकरावर खोट्या गोळ्या झाडू म्हणतो आणि खऱ्या झाडायला लावतो. आपल्या मंडपात हा खेळ लागला तर पहाटेपर्यंत कोणी उठणार नाही. गोष्ट आधी वाचून जा. समोर छोट्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात, पण सारखं खाली बघत राहिलात तर मंचावरचं निसटतं. दुसरा ‘ला बोहेम’. वाग्नर या जर्मन संगीतकाराला इतक्यात हात लावू नका, त्याचा खेळ दुपारी उशिरा सुरू होऊन पाच-साडेपाच तास चालू शकतो आणि उभ्यानं पाय जातात.

वन्स मोअर ओरडू नका, शिट्टी तर नाहीच. गाणं संपून वाद्यं थांबली की मनसोक्त टाळ्या वाजवा. आत खाणं चालत नाही, मध्यंतरातला पाव महाग आहे, घरून जेवून निघा.

आई-बाबा आले तर त्यांना तीन तास उभं करू नका. वसंतात आणि सप्टेंबरात ऑपेराच्या बाहेर चौकात मोठ्या पडद्यावर आतलाच खेळ फुकट दाखवतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद. तेव्हा राटहाउसच्या, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीच्या, पटांगणात संध्याकाळी ऑपेराचं चित्रीकरण लागतं, तेही फुकट. तिथंही टोपवाला भेटेल. नाही म्हणा आणि चालू पडा.

खेळ संपला की बाहेर गाड्यांवर लोक केसेक्राइनर नावाचं सॉसेज खातात. चीज भरलेलं आहे म्हणून शाकाहारी समजू नका, आत डुकराचं मांस असतं. आणि मेट्रो रात्रभर फक्त शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री चालते. इतर दिवशी रात्री साडेबाराच्या आत ऑपेराजवळचं कार्ल्सप्लात्झ मेट्रो स्टेशन गाठा.