मागं मारणारी रायफल: .३१५ पासून .३७५ पर्यंत धक्का कसा सांभाळायचा

सातारा-सांगलीकडं मोठ्या बोअरची बंदूक हातात येते ती बहुधा दोन वाटांनी. फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस गनमनच्या नोकरीसाठी परवाना काढतो, नाहीतर वडिलांच्या नावचा पीकसंरक्षणाचा परवाना पोराच्या नावावर होतो आणि त्याच्याबरोबर कपाटातली .३१५ (नळीचा व्यास इंचांत) रायफल किंवा १२ बोअरची छऱ्यांची बंदूक येते. अलीकडं तिसरीही वाट दिसते: परदेशात नोकरीला असलेली मंडळी तिथल्या कायदेशीर शिकारीसाठी .३०-०६ किंवा .३७५ शिकून घेतात. आपल्याकडं शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. रानडुकरं भुईमुगात घुसली तरी परवाना आहे म्हणून परस्पर गोळी घालता येत नाही, भरपाईसाठी वनखात्याकडंच अर्ज करायचा. तेव्हा इथं जे लिहिलंय ते परवानगी असलेल्या रेंजवरच्या सरावासाठी.

आधी धक्का किती बसतो ते आकड्यांत बघू. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी, म्हणजे ११.७ ग्रॅम, सेकंदाला साधारण ८२० मीटरनं निघते. तिच्यामागं ३.६ ग्रॅम दारूचा वायू साधारण १२०० मीटरनं बाहेर पडतो. ग्रॅमचे किलो करून दोन्हींचे वस्तुमान-वेगाचे गुणाकार मिळवले की १३.९ येतात. त्याला रायफलच्या वजनानं भागायचं. ३.६ किलोची रायफल ३.९ मीटर वेगानं मागं येते आणि २७ ज्यूल ऊर्जा खांद्यावर टाकते. तेच काडतूस ४.५ किलोच्या रायफलीत घातलं तर ऊर्जा २१-२२ ज्यूलवर येते. .३७५ एच अँड एच मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी ४.१ किलोच्या रायफलीतून सुटली की हाच आकडा ५३ च्या आसपास जातो, .३०-०६ च्या दुप्पट. हलकी बंदूक खांद्यावर न्यायला बरी वाटते, पण तिची किंमत चाप ओढल्यावर मोजावी लागते. १२ बोअरलाही कमी लेखू नये. ३२ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस ३ किलोच्या बंदुकीतून .३०-०६ पेक्षा थोडा जास्तच धक्का देतं.

फौजी माणसाचा इथं हमखास घोळ होतो. इन्सास या फौजी रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी जेमतेम ४ ग्रॅमची, तिचा धक्का नावालाच. त्याआधीची फौजी रायफल एसएलआर ७.६२ ची असली तरी वजनाला चार किलोच्या वर, आणि गॅसवर चालणारी यंत्रणा व स्प्रिंग धक्का जरा लांबवत न्यायची. .३१५ ला हातानं उघडझाप करायचा बोल्ट आहे, वजन कमी आहे, गोळी २४४ ग्रेनची आहे आणि बऱ्याच बंदुकांच्या बटाला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाला, धातूची सपाट पट्टी आहे. 'वीस वर्षं रायफल चालवलीय' म्हणत ती सैल धरली की पहिल्याच फैरीला खांदा काळानिळा होतो.

आता खरी मेख. गोळी नळीतून बाहेर पडायला हजारांश सेकंद, फार तर दीड हजारांश सेकंद लागतो. तेवढ्यात ३.६ किलोची रायफल मागं सरकते ती फक्त दोनेक मिलिमीटर. खांद्याला धक्का नीट कळेपर्यंत गोळी निघून गेलेली असते. म्हणजे नेम धक्क्यानं बिघडत नाही, धक्का बसणार या भीतीनं बिघडतो. माणूस डोळे मिटतो, खांदा पुढं ढकलतो, चाप हिसडतो, आणि हे सगळं गोळी सुटायच्या आधी. म्हणून सगळी मेहनत भीती कमी करण्यावर घालायची. त्यात मोठा वाटा आवाजाचा असतो. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो आणि १४० च्या वरचा एकच दणकाही कानाला कायमचं नुकसान करू शकतो. आत फोमचे इअरप्लग, वर इअरमफ, असं दुहेरी घालायचं. नुसता कापूस खुपसून भागत नाही. दुहेरी कानबंदी केली की नवख्याला वाटतं काडतूसच बदललंय.

मग दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाचं, माप. कोपर काटकोनात दुमडून बट कोपराच्या खोबणीत टेकवायचा. पहिल्या बोटाचं टोकाकडचं पेर चापावर नीट बसलं पाहिजे. चापापासून बटाच्या मध्यापर्यंत साधारण साडेतेरा इंच, म्हणजे ३४३ मिलिमीटर, ही नेहमीची लांबी. बुटक्या माणसाला तेरा पुरतात. दस्ता लांब असला तर बट खांद्याच्या हाडावर जातो. आखूड असला तर चाप धरणाऱ्या हाताचा अंगठा नाकावर आदळतो. अडीच सेंटिमीटर जाडीचं मऊ रबरी पॅड लावणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा बदल, पण तेवढंच लाकूड कमी करायला हवं, नाहीतर लांबी वाढते. मोज्यासारखं वरून चढवायचं पॅडही लांबी दोन-अडीच सेंटिमीटरनं वाढवतं. जतला उन्हाळ्यात पातळ शर्टावर जमलेलं माप महाबळेश्वरच्या थंडीत स्वेटरवर जमत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

लाकडाकडं फारसं कुणी बघत नाही, म्हणून इथं जरा थांबू. पाटण-शिराळ्याच्या पावसात दस्ता फुगतो आणि माण-खटावच्या उन्हात आटतो. आटला की स्क्रू ढिले पडतात. रायफलीच्या पोलादाला खालून एक आडवा खिळा किंवा कान असतो. धक्का त्याच्यातून लाकडात उतरतो. तो कान लाकडात घट्ट बसलेला नसला की पोलाद मागं सरकून शेपटाकडच्या लाकडाला ठोके देतं. चापामागच्या बाजूला, पोलाद जिथं संपतं तिथं, केसाएवढी उभी चीर दिसते का ते दर वेळी तेल पुसताना नखानं चाचपून बघायचं. चीर दिसली की एकही फैर नको.

इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ही फौजेच्या जुन्या .३०३ रायफलीच्या घडणीवर बेतलेली. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि मागचा तुकडा बटातून जाणाऱ्या लांब बोल्टनं पोलादी खोबणीत आवळलेला असतो. हा बोल्ट ढिला पडला की बट किंचित हलतो, धक्का दोन टप्प्यांत बसतो आणि खोबणीपाशी लाकूड फाटतं. बट एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून हलकं पिळलं की कळतं. पण लांब स्क्रूड्रायव्हर घालून घरीच फिरवायला जाऊ नये. त्या जुन्या घडणीत बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असायचं. पुढचं लाकूड न उतरवता बोल्ट फिरवला की ते आतून चिरायचं. हे काम परवानाधारक कारागिराचं.

स्कोप असेल तर भुवई आणि काच यांत किमान ७५ ते ९० मिलिमीटर अंतर हवं, .३७५ ला १०० धरावं. स्कोपची कड आदळून भुवईवर उमटणारी चंद्रकोर सहसा बाकावर बसून झाडतानाच मिळते, कारण माणूस नकळत मान पुढं घालतो.

उभं राहायचं असं: डावा पाय पुढं, निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायावर, गुडघे सैल, छाती जराशी पुढं. बट हसळीचं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्या मधल्या मांसल खोबणीत बसवायचा. उजवं कोपर उचललं की ती खोबण आपोआप भरते. गाल दस्त्यावर घट्ट टेकवायचा. गाल आणि लाकूड यांत फट राहिली की दस्ता गालावर ठोसा मारतो. डाव्या हातानं पुढचं लाकूड पक्कं धरून खांद्याकडं ओढायचं. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं धरतात, अंगठा मोठ्या बोअरला दस्त्यावरून आडवा न टाकता बाजूला. मधलं बोट चापाच्या कड्याला चिकटवू नये, सुजतं. मोठ्या रायफलींत पट्ट्याची पुढची कडी लाकडावर न लावता नळीवर लावतात, कारण लाकडावर असली तर धक्क्यात ती डाव्या हाताच्या बोटांवर येते. धक्का आला की कंबरेतून मागं झुकू द्यायचं. धक्क्याशी झुंजायचं नाही, आणि अंग आखडून तर मुळीच घ्यायचं नाही.

उभ्यानं धक्का सर्वांत कमी जाणवतो, बसून जास्त आणि पालथं झोपून सर्वांत जास्त, कारण जमिनीवर खांद्याला मागं जायला जागाच उरत नाही. मग झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळवायला, बाकावर बसून नवखे दहा-दहा फैरी का झाडतात, हे कोडंच आहे. टेबल उंच करावं, पाठ ताठ ठेवावी, पुढच्या लाकडाखाली वाळूची पिशवी, आणि बट व खांदा यांच्या मध्ये आणखी एक पिशवी. नळी कधीही पिशवीवर टेकवू नये, गोळी वर जाते. तीन गोळ्यांचा गट, मग नळी थंड होईपर्यंत विश्रांती. एका दिवशी .३०-०६ च्या पंधरा-वीस आणि .३७५ च्या दहाच. त्यापुढं शिकणं थांबतं, आणि वाईट सवय लागायला सुरुवात होते. परवान्यावरची काडतुसं मोजकीच असतात, तीही वाया जातात.

काडतुसं कमी असताना सराव होतो तो कोऱ्या चापाचा, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढायचा. बंदूक रिकामी आहे हे तीनदा बघायचं, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालायची, सुरक्षित भिंतीकडं नेम, नळीवर एक रुपयाचं नाणं, रोज वीस चाप. नाणं पडता कामा नये. दारूगोळा त्या खोलीतच नको. रेंजवर गेल्यावर आधी .२२ या हलक्या रायफलीच्या तीस-चाळीस फैरी, मग मोठ्या रायफलीच्या पाच.

भीती पकडायची असेल तर जोडीदार लागतो. पाच खऱ्या काडतुसांत दोन रंगीत डमी (खोटी काडतुसं), क्रम फक्त जोडीदाराला ठाऊक आणि भरणाराही तोच. डमीवर 'टक' झालं आणि नळीचं तोंड खाली गेलं, तर भीती उघड झाली. लागोपाठ दोनदा असं झालं की खरी काडतुसं बंद. दहा कोरे चाप, मग एक खरं. एक खबरदारी: 'टक' झालं आणि जोडीदार म्हणाला 'ती डमी नव्हती', तर नळी लक्ष्याकडंच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. उशिरा पेटणारं काडतूस उघड्या बोल्टातून तोंडावर येतं.

पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्या पोराच्या हातात मुद्दाम सर्वांत जड काडतूस देऊन हसायची एक खोड आपल्याकडं आहे. त्या एका गमतीनं लागलेली दचक जायला महिने लागतात.

नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला वळवणारा ब्रेक धक्का एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त उतरवतो, पण आवाज आणि वाऱ्याचा झोत बाजूच्या माणसांवर फेकतो. नळी कापणं तर परवान्याशिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ खाली गुन्हा आहे. त्यापेक्षा पॅड आणि वजन हे मार्ग बरे. दस्त्याच्या पोकळीत तीनशे-चारशे ग्रॅमचं शिसं घट्ट बसवलं तरी फरक कळतो, मात्र ते आत हलता कामा नये.

दुनळी १२ बोअरला दोन चाप असतात. पहिली नळी उडताच धक्क्यानं बोट सरकून मागच्या चापावर बसतं आणि दुसरीही उडते. दोन्ही धक्के एकदम बसले की धडधाकट माणूसही मागं कोलमडतो. म्हणून शिकताना एकाच नळीत काडतूस घालायचं. बोट पुढच्या चापावर टोकाच्या पेरानंच ठेवायचं. पेसमेकर असेल, डोळ्याचा पडदा सुटलेला असेल किंवा नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी रायफल खांद्याला लावू नये. पेसमेकर उजव्या बाजूला असेल, तर उजव्या खांद्यावर बट टेकवायचा विचारसुद्धा नको.